बाटलेला गडी

"लॅकलन-यूअन! लॅकलन-यूअन, जेवायला या रे!"

आईची ही हाक अजून माझ्या कानात आहे. माझ्या दोन्ही भावांची नावं ती कधी वेगळी घ्यायची नाही. एका श्वासात, एका सुरात हाक टाकायची आणि ती गोठलेल्या नदीवरून घसरत घसरत पार लाकडाच्या गिरणीपर्यंत जायची. मग वळणाआडून दोन ठिपके निघायचे. मोठा पुढे, धाकटा मागे, आणि दोघांच्या काठ्यांमधून पक इकडून तिकडे सरकत यायचा. पक म्हणजे चेंडूऐवजी असते ती चपटी चकती; आमचा पक म्हणजे गोठलेली घोड्याची लीद. ती दाराबाहेर ठेवायची, एवढाच काय तो आईचा नियम.

लॅकलन सातवा गडी होता. त्या काळी बर्फावरच्या हॉकीत एका बाजूला सात जण असत आणि सातव्याला नेमलेली जागा नसे. गोल अडवायला तोच, गोल करायलाही तोच. वारा जातो तसं त्यानं सगळीकडे जायचं. बदली गडी हा प्रकार नव्हता. पहिल्या घंटेला उतरलेले सात जण शेवटच्या घंटेपर्यंत पळत. धाकटा यूअन त्याच्या डाव्या हाताला खेळायचा. दोघं एकमेकांकडे न बघता पक द्यायचे आणि तो बरोबर पोचायचा.

लॅकलन एकवीस वर्षांचा असताना सरहद्दीपलीकडून, मिशिगनच्या तांब्याच्या खाणींकडून एक माणूस आला. अंगात फरचा कोट. आमच्या स्वयंपाकघरात बसून त्यानं ओटच्या भाकऱ्या खाल्ल्या, लोणी मागून घेतलं आणि लॅकलनला विचारलं, "गिरणीत काय मिळतं रे तुला?"

लॅकलननं सांगितलं. तो माणूस हसला नाही, हे मला आवडलं.

"त्याच्या चौपट देतो. काम एकच, हॉकी खेळायची."

"खेळायचा पगार?" बाबा म्हणाले. "मग उद्या नाचायचाही द्याल!"

"पोरगा बरा नाचत असेल तर देईल हो कोणीतरी."

लॅकलन गेला, आणि बाटला.

बाटला हाच शब्द आमच्याकडे वापरत. हौशी क्लबांचा नियम असा होता, की ज्यानं खेळायचे पैसे घेतले त्यानं पुन्हा कधी हौशी संघात यायचं नाही. आणि जो त्याच्याबरोबर किंवा त्याच्याविरुद्ध खेळेल, तोही बाद. मग तो कपाचा सामना असो की नाताळात नदीवर चाललेला पोरखेळ. आमच्या फिंच लँडिंगच्या क्लबाचे अध्यक्ष होते मिस्टर प्रिंगल, गिरणीचे मालक. अग्निशमन बंबाच्या खोलीत समिती बसली. लॅकलनचं नाव काढायला सगळ्यांनी हात वर केले. बाबाही समितीत होते. त्यांचाही हात वर गेला. त्या वेळी ते खिडकीबाहेर बघत होते, असं म्हणतात.

त्यानंतर लॅकलन सात हिवाळे खेळला. तांब्याच्या गावात, मग पिट्सबर्गला, तिथे यंत्रानं बर्फ करत. मग उत्तरेला कोबाल्टच्या चांदीच्या खाणींवर. दर वर्षी नवा गाव, नवा सदरा. एका गावानं त्याला खांद्यावर घेतलं. पुढच्या वर्षी त्याच गावाविरुद्ध उतरला, तेव्हा त्याच माणसांनी त्याला कोळशाचे खडे मारले. नाक दोनदा मोडलं, पुढचे दात गेले, उजवा गुडघा हिवाळा उतरता उतरता सुजायला लागला. यातलं काही तो स्वतः सांगत नसे. आलेगेले लोक सांगत.

आई सूत कातताना वाडवडिलांच्या जुन्या भाषेत गायची, त्याचा अर्थ असा:

दोन माझ्या होड्या गं, एका काठाला,
एक गेली दूर, एक बांधली खुंट्याला,
कुणाला गं पुसू, पुसू कोणत्या लाटेला.

नाताळात तो घरी येई. जेवायला दोघं भाऊ शेजारी बसत, पण नदीवर एकत्र उतरत नसत. लॅकलन बर्फावर आला की क्लबाची पोरं काठ्या उचलून काठावर जाऊन उभी राहत. त्यात यूअनही. कुणी रागानं नाही. पाऊस आला की वाळवण उचलतात तसं. पुलावर मिस्टर प्रिंगल पाइप ओढत उभे असत.

फावड्याला मात्र बंदी नव्हती. फावडं म्हणजे काठी नव्हे, असा समितीनं खल करून निर्णय दिला होता. म्हणून लॅकलन सकाळी उठून नदीवरचं बर्फ झाडायचा, खरवडायचा, पाणी मारून आरशासारखं करायचा, आणि पोरं आली की बाहेर होऊन वळणापलीकडे एकटाच फिरायचा.

एकदा तो फावडं घेऊन निघाला असताना सराव सुरू झाला आणि पक सुटून थेट त्याच्या पायाशी आला. त्यानं दोन्ही हात वर केले, फावडंसुद्धा. एखाद्यानं बंदूक रोखावी तसा उभा राहिला.

"अहो मिस्टर प्रिंगल," मॅकफी न्हावी काठावरून ओरडला, "पक आपण होऊन गेलाय त्याच्याकडे! पकाला बाद करायचं का आता?"

सगळे हसले. यूअन पक घ्यायला आला. दोघं समोरासमोर होते, एक हातावर. यूअन वाकला, पक उचलला, आणि खाली मान घालून परत गेला.

"गुडघ्यातून वाकतोस अजून," लॅकलन त्याच्या पाठीला म्हणाला.

आई गेली त्या वर्षी नदीवरचं बर्फ लवकर फुटलं होतं. लॅकलन दफनानंतर पोचला.

मग एका शरदात मोठ्या शहरांतल्या मालकांनी ठरवलं की सात गडी फार होतात, सहा पुरे. सातव्याची जागाच खेळातून काढून टाकली. लॅकलनला दुसऱ्या जागी उभं करून बघितलं, पण आयुष्यभर सगळीकडे फिरलेला माणूस एका कोपऱ्यात मावेना. तो घरी आला. आमच्याकडे हौशी संघ अजून सातांचेच होते.

क्लबानं त्याला परत घ्यावं असा अर्ज त्यानं तोंडीच केला. मिस्टर प्रिंगल नाही म्हणाले नाहीत. त्या वर्षी संघाला सातवा गडी धड नव्हता आणि कपाची आशा होती. त्यांनी एक वाट सुचवली. लॅकलननं समितीपुढे येऊन म्हणायचं, की मला फक्त गाडीभाडं आणि राहण्याजेवणाचा खर्च मिळाला, पगार मी कधी घेतला नाही. खोटं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण असं म्हणून कितीतरी जण परत आले होते.

सुनावणीच्या दिवशी सकाळी मी बटाटे सोलत होते. तो चुलीपाशी गुडघा शेकत बसला होता.

"म्हणून टाक की," मी म्हटलं. "एका वाक्याचं काय एवढं?"

"एफी, खाणीतली माणसं अंगावरची धूळ न झटकता यायची गं. तिकीट काढून. त्यांच्या पैशावर मी जेवलो. आता म्हणू, मी काही घेतलंच नाही?"

"त्यांना कुठे सांगायचंय? मॅकफी न्हाव्याला सांगायचंय."

तो हसला. दात नसलेला तो हसला की लहान दिसायचा.

"म्हणतो," तो म्हणाला. "एकच हिवाळा उरलाय या गुडघ्यात. यूअनला डाव्या हाताला घेऊन खेळायचंय. बाकी मला काही नको."

दुपारी बंबाच्या खोलीत शेगडी पेटली होती. मी चहाची किटली घेऊन गेले होते. टेबलामागे मिस्टर प्रिंगल, मॅकफी आणि बाबा. संघाची पोरं भिंतीला टेकून उभी. यूअन शेगडीजवळ, आगीकडे तोंड करून.

"ये, लॅकलन," मिस्टर प्रिंगल म्हणाले. "गुडघा काय म्हणतो?"

"शिव्या देतो."

"दे म्हणावं. हे बघ, हे काही कोर्ट नाही. एक वाक्य बोल, आम्ही ठीक म्हणू, मग चहा."

"आणि तो फरच्या कोटवाला," मॅकफी म्हणाला, "तो देवळाची वर्गणी मागायला आला होता, असंही म्हण हवं तर."

हशा झाला. बाबा हसले नाहीत. "बोल, पोरा," ते हळूच म्हणाले. किती वर्षांनी त्यांनी त्याला पोरा म्हटलं होतं.

लॅकलन उभा राहिला. टोपी हातात घेतली, फिरवली. त्याला घाम आला होता. कोळशाचे खडे खातानाही तो असा दिसला नसेल.

"मला," तो म्हणाला, "मला तिथे फक्त गाडीभाडं..."

"थांब," यूअन म्हणाला.

"अरे, तुझं काय मध्ये?" मिस्टर प्रिंगल म्हणाले. "बोलू दे त्याला. उभा राहा गप."

"माझंच आहे." यूअन शेगडीपासून वळला. मिस्टर प्रिंगलकडे नाही, बाबांकडे नाही. तो भावाकडे सरळ बघत होता, सगळ्यांसमोर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "खोटं बोलू नकोस रे माझ्यासाठी. मीही पैसे घेतो. तू गेलास त्याच्या पुढच्याच हिवाळ्यापासून, दर सामन्याचे, मिस्टर प्रिंगलच्या हातून. तुला बघून बर्फावरून उतरायचो ना, तेव्हाही ते माझ्या खिशात असायचे."