उन्हातल्या छत्र्या

लालबागच्या मासळी बाजारात सखुबाई गिऱ्हाईक तोंडावरून नाही, पिशवीवरून ओळखायची. कापडी पिशवी झुलवत येणारा घासाघीस करणार, हे ठरलेलं. पण इकडेतिकडे बघत ‘काळ्या पिशवीत द्या हं’ असं पुटपुटणारा म्हणजे लक्ष्मी. तो भाव विचारत नाही, कल्ले वर करून बघत नाही. ओळखीचं कोणी दिसायच्या आत पैसे टेकवून पसार होतो. घाबरट माणसाइतकं चोख गिऱ्हाईक धंद्यात दुसरं नाही, असं तिचं पक्कं मत.

यात पहिला नंबर हेमचंद्ररावांचा. बाजारामागच्या ‘मनोहर निवास’चे ते सेक्रेटरी. ‘जिन्यात मासळीचं पाणी सांडू नये’ ही पाटी त्यांचीच, आणि दर रविवारची सुरमईही त्यांचीच. तळणीचा वास इमारतभर फिरायचा. पण वासाला खोली नंबर नसतो. तळमजल्यावरचा मालवणी दीपक उघड उघड मासे खायचा, तेव्हा सगळ्या मजल्यांचा वास बिनबोभाट त्याच्या खाती जमा व्हायचा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बोलणीही तोच खायचा.

मग प्लॅस्टिकबंदी कडक झाली. पालिकेची माणसं सखुबाईचा काळ्या पिशव्यांचा गठ्ठा घेऊन गेली, वर दंडाची पावती हातात ठेवली. दंडाचं तिला एवढं वाटलं नाही. तो चार रविवारांत निघाला असता. पण ते रविवारच गेले. पेपरात बांधलेली सुरमई शेपूट बाहेर काढून साऱ्या गल्लीला रामराम करते. काळ्या पिशवीवाले एकेक करून गळाले, आणि सखुबाईच्या पाटीत उरले ते नुसते घासाघीसवाले.

एका सकाळी हेमचंद्रराव समोरच्या भाजीवाल्याकडे उगाच कोथिंबीर हुंगताना दिसले.

“काय ओ सेक्रेटरी, कोथिंबिरीचं कालवन करता काय आता?”

ते लगबगीने जवळ आले. “हळू बोला हो! डबा आणून पाहिला मी. जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या अपेक्षा मॅडम भेटल्या. म्हणाल्या, श्रीखंड का? बघू तरी!”

“मग?”

“मग काय! म्हटलं, लॅबला द्यायचंय. दोन पायऱ्या मागे सरकल्या.”

सखुबाई हसली, पण मनात हिशेब चालूच होता. असंच चाललं तर निम्मा धंदा बसणार. त्या संध्याकाळी ती पावसाळ्यापासून दुरुस्तीला पडलेली आपली छत्री आणायला चिंचपोकळीच्या रघूकडे गेली. दुकानात मोडक्या छत्र्यांचा ढीग होता. त्यातली एक उचलून ती बघतच राहिली.

“रघू, ह्या कापडातून पानी आत येत नाय, तर भायेर तरी कसं जाईल?”

“नाही जाणार. का गं?”

“मग ह्यांच्या पिशव्या शिव. लांबड्या. आनि वरची मूठ तशीच ठेव.”

“पिशवीला मूठ?”

“लोकान्ला छत्री वाटाया पायजे, येड्या!”

काळ्या पिशवीवाल्यांना तिने एकेकाला गाठून ही छत्री दिली. प्रत्येकाला वाटलं, ही युक्ती खास आपल्यापुरती. फक्त महिना कोणता चालू आहे, याचा विचार ना तिने केला, ना रघूने.

मार्गशीर्ष संपला आणि पहिल्याच रविवारी बाजार फुलला. लख्ख ऊन. हेमचंद्ररावांची छत्री भरून झाली होती, तेवढ्यात अपेक्षा मॅडम आल्या. हातात छत्री. पाठोपाठ गच्चीवर योगवर्ग घेणारे, सात्त्विक आहारावर तासभर बोलणारे यशोधन. छत्री. तिघं एकमेकांकडे सोडून सगळीकडे बघत होती.

तेवढ्यात आपला डबा वाजवत दीपक आला आणि थबकला.

“गो मावशे, वादळ-बिदळ येतंय काय? आख्खं मनोहर निवास छत्री घेऊन!”

“ऊन फार आहे ना,” अपेक्षा मॅडम म्हणाल्या.

“मग उघडा की!”

कोणी उघडेना. रघूचा एक टाका कच्चा राहिला असावा. हेमचंद्ररावांची छत्री त्यांच्याच चपलेवर ठिबकू लागली.

“सेक्रेटरी, पाऊस कुठे लागला तुम्हाला?” दीपकने विचारलं.

“लॅबमध्ये!” म्हणताना अपेक्षा मॅडमना हसू आवरेना. मग यशोधन हसले, मग नाइलाजाने हेमचंद्ररावही.

“हसा, हसा,” दीपक म्हणाला. “पण आजपासून वास ज्याच्या त्याच्या खाती. आणि ती पाटी काढा.”

“पाटी राहील,” चप्पल झटकत सेक्रेटरी म्हणाले. “पाणी सांडायचं नाही म्हणजे नाही.”

सखुबाईचा जीव भांड्यात पडला. गिऱ्हाइकं आता कुठे जात नव्हती. उलट हेमचंद्रराव मोकळेपणाने तिच्या मासळीच्या पाटीसमोर उकिडवे बसले, एका सुरमईचा कल्ला वर करून त्यांनी निरखून पाहिला आणि म्हणाले, “सखुबाई, भाव जरा जास्तच लावता हं तुम्ही. इतके दिवस बोललो नाही.”

“माझ्या बोंबलांचंही तेच,” मॅडम म्हणाल्या. यशोधन तर पुढच्या कोळणीचा भाव विचारायला निघालेसुद्धा.

सखुबाईने तिघांकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

“छत्र्या हिकडं द्या. भाव करनाऱ्यांनी कापडी पिशवी आनायची!”