वाऱ्याचे अकरावे अक्षर

हेमंत उतरला होता. कृष्णेच्या पात्रावर धुक्याचे धवल, विरळ वस्त्र पसरले होते. आणि त्यातून वाईचा घाट हळूहळू उमलत होता, पायरी पायरीने, पाषाण पाषाणाने.

त्या घाटावर वेदमूर्ती सदाशिवभट पाळंदे बसले होते. मेघगंभीर त्यांचा कंठ. पाठशाळेची पहाट वर्षानुवर्षे त्याच कंठातून उगवली होती. आता त्या कंठात गाठ होती. उद्या पुण्याला शस्त्रक्रिया. प्राण वाचेल, आवाज वाचणार नाही, असे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले होते.

त्यांच्यामागे, दोन पायऱ्या सोडून, त्यांची लेक ऋजुता उभी होती.

सात वर्षांनी आली होती ती. दूर अनातोलियाच्या उजाड, ताम्रवर्णी पठारावर, सहस्रावधी वर्षांपूर्वी मावळलेल्या हित्ती लोकांच्या मातीच्या पाट्या ती वाचत असे. मातीत रुतलेली, खिळ्यांच्या टोकांसारखी अक्षरे; आणि त्यांतून अवचित ओळखीचे चेहरे वर येत. आकाशाला ते म्हणत नेपिस, आणि तिला नभस् आठवे. हाडाला म्हणत हस्ताइ, आणि तिला अस्थि आठवे. हिवाळ्याला म्हणत गिम्मंत. आणि तिला हेमंत आठवे, हा घाट आठवे, नाना आठवत.

"संस्कृत ही या भाषांची आई नाही, नाना. बहीण आहे," असे ती एकदा म्हणाली होती.

"आईला बहीण म्हणणारी माझी लेक नाही," असे ते म्हणाले होते.

त्या दोन वाक्यांवर सात हिवाळे साचले होते.

"नाना," तिने हाक मारली.

त्यांनी मान वळवली नाही. "आईनं कळवलं वाटतं."

"हो."

"बस. दगड गार आहे, शाल घे खाली."

ती दोन पायऱ्या उतरली आणि शाल अंथरून त्यांच्याजवळ बसली.

"एक विचारायचं राहून गेलंय," ते म्हणाले. चिरलेला स्वर, शुष्क वेळूत शिरलेल्या झुळकीसारखा. "तुझ्याखेरीज विचारू तरी कुणाला? काही ऋचांत चरण अकरा अक्षरांचा हवा, आणि भरतात दहाच. 'वात' शब्द आला की छंद लंगडतो. लहानपणी गुरुजींना विचारलं, तर छडी मिळाली. पुन्हा विचारलं नाही. पण दर वेळी पाय अडखळतो बघ तिथं."

ऋजुता त्यांच्याकडे वळली.

"तो शब्द फार पूर्वी व-अ-त असा होता, नाना. दोन स्वरांच्या मध्ये कंठातला एक श्वास होता. तो विरला, स्वर एकमेकांत मिसळले. छंद मात्र अजून त्या श्वासासाठी थांबतो."

"आणि तुझे ते हित्ती?"

"वाऱ्याला ते हुवंत म्हणत. शब्दाच्या आरंभीचा श्वास, तो 'ह', त्यांनी जपला; आपल्याकडून तो हरवला. मधल्या श्वासाची जागा आपल्या छंदानं जपली, ती त्यांच्या लेखनात दिसत नाही."

वृद्ध बोटे जानव्यावरून फिरली, थांबली, पुन्हा फिरली.

"म्हणजे एकीनं एक सांभाळला, दुसरीनं दुसरा," ते म्हणाले. "बहिणीच म्हणायच्या मग."

तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो त्यांनी राहू दिला.

"पाठात मी काही घालणार नाही," ते पुटपुटले. "जसा आला तसाच पुढं जाईल. पण आज एकदा म्हणून बघतो. तू ऐक."

आणि सदाशिवभट म्हणू लागले. फाटका तो स्वर, रक्ताळलेला तो स्वर, तरीही ताठ, तरीही तेजस्वी. 'वात' आला, त्यांनी तो दुभंगवला, मधोमध श्वास ठेवला, आणि चरण अकरा अक्षरांनी भरून पैलतीरी पोचला. पाय अडखळला नाही. त्यांच्या चर्येवर लहान मुलाचे नवल उजळले. ऋजुता ऐकत होती, कानांनी, त्वचेने, अस्थींनी. कारण पुन्हा ऐकायला मिळणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो आवाज गेला.

माघात ते पुन्हा पाठशाळेत बसले. गळ्याभोवती शुभ्र पंचा, ओठ मिटलेले. स्वर आता केवळ हाताने चढत, हाताने उतरत. विद्यार्थी तीच ऋचा म्हणत होते, पिढ्यानपिढ्यांचा तोच पाठ, दहा अक्षरांचा. दाराशी ऋजुता उभी होती.

'वात' आला. खाली येणारा हात अधांतरी थांबला, श्वासाएवढा, केवळ एका श्वासाएवढा. आणि मग, पाण्यावर पान उतरावे तसा, अलगद मांडीवर उतरला.