त्या दिवशीचं वजन

काटेवाल्या काकांनी कागद एकदा वाचला. मग चष्मा पुसून परत वाचला. त्यांचा उजवा डोळा नावालाच होता, सगळं काम डाव्यावर चालायचं, त्यामुळे वाचायला वेळ लागे. पण दुसऱ्यांदा वाचूनही अक्षर तेच राहिलं. त्यांच्या नावापुढे ‘क’ होता.

“मास्तर, हे क म्हणजे काय?”

“क म्हणजे साधारण,” गणिताचे मास्तर म्हणाले. “अ म्हणजे तगडा, ब म्हणजे बरा. मनावर घेऊ नका काका. हिशेब आहे नुसता.”

बॉक्सिंग क्लबाने रिंगसाठी नवा हॉल बांधला होता आणि त्याला नाव कुणाचं द्यायचं यावरून दोन महिने डोकेफोड चालली होती. क्लबातून दोनच चॅम्पियन निघाले. एक लोहार. भट्टीवर घण मारून मारून हात घडलेला, गेल्या वर्षी वारला. दुसरा सरकार. त्याला हे नाव त्याच्या रुबाबामुळे पडलं होतं, आणि आता तो कमिटीत बसायचा. दोघांत सहा वर्षांचं अंतर, म्हणून दोघं एकमेकांशी कधी लढलेच नाहीत. मग मोठा कोण? कमिटीने तोड काढली, की कुणी किती लढती जिंकल्या ते सोडा, कुणाला पाडलं ते बघा. मास्तरांनी प्रत्येक प्रतिस्पर्ध्याच्या जन्मभराच्या लढती काढल्या, किती जिंकला, किती हरला ते मांडलं आणि अक्षरं देऊन टाकली. ही यादी आता फळ्यावर रंगणार होती, हॉलच्या दारात, कायमची.

लोहाराच्या वाट्याला एकच अ आला होता. सरकारच्या वाट्याला चार.

काका वजनाच्या खोलीत उभे होते. ही खोली तीस वर्षं त्यांची. लढतीच्या सकाळी गडी इथे उघडा होऊन काट्यावर चढे, काका वजन सांगत, मग डॉक्टर त्याला एकेक डोळा झाकून भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावत आणि वहीत शेरा लिहीत. काकांचा काटा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पावशेर जास्त भरलं तर सख्ख्या भावालाही घाम काढून यायला लावतील, अशी ख्याती. त्या ख्यातीवरच ते जगले होते. दुसरं होतं काय जवळ?

“मी सतरा जिंकलो होतो,” ते म्हणाले. “सतरा जिंकलो, एक हरलो. त्यानंतर लोहारानं मला पाडलं. तेव्हा गोफण म्हणायचे मला. माझा डावा हात कुठून आला ते कळायचं नाही.”

“मान्य. पण नंतर लागोपाठ अकरा हरलात,” मास्तर म्हणाले. “एकूण तीस लढतींत तेरा हार. निम्म्याच्या जवळ गेलं की क. नियम सगळ्यांना एकच.”

“मास्तर, काल भरलेलं वजन आज चालतं का?”

“नाही.”

“उद्या कितीही सुटला, तरी आजचं वजन बदलतं का?”

“नाही बुवा.”

“मग माणसाचं का बदलता? लोहार माझ्या पुढच्या अकरा लढतींशी लढला नाही. तो त्या दिवशीच्या माझ्याशी लढला.”

मास्तरांनी पेन्सिल कानामागून काढली आणि तशीच हातात धरली. खुर्चीत रेलून बसलेला सरकार हसला.

“गोफण्या, उगाच शब्दांचे खेळ नको. सतरा वेळा नशिबानं साथ दिली. लोहारानं कवच फोडलं आणि आतला खरा माल दिसला. अकरा वेळा दिसला. पोकळ नारळ फोडायला लोहार कशाला पाहिजे?”

लोहाराचं नाव काकांनी तीसहून जास्त वर्षं तोंडातून काढलं नव्हतं. रस्त्यात समोर आला तर पलीकडच्या बाजूने जात. त्याच्या मयतीलाही गेले नाहीत. आणि आज त्याला छोटं करायला यांनी वापरलं कुणाला? त्यांनाच. मेलेल्याच्या छातीवर ठेवायला धोंडा हवा होता, तो यांना काकांच्या रूपाने मिळाला.

“सरकार, तुझे चार अ कोण, सांगू? एक तो, ज्याला बैल म्हणायचे. नाव मोठं, पण तुझ्यासमोर आला तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा, गुडघा बांधून. मीच चढवला त्याला काट्यावर. उतरताना त्यानं माझा खांदा धरला होता.”

“तुझ्या शब्दावर?”

“माझ्या नको. वही काढ. शेरा डॉक्टरांच्या हातचा आहे.”

“काढा ना वह्या,” सरकार म्हणाला. “तुझ्या अकरा हारींच्याही काढा. दर वेळी डॉक्टरांनी लिहिलंय, नजर ठीक, प्रकृती ठीक. ठणठणीत माणूस अकरा वेळा मार खातो, त्याला क नाही तर काय म्हणायचं?”

मास्तर खाली बघू लागले. वहीत खरोखर तसंच लिहिलं होतं. काकांना ते पाठ होतं.

आता गप्प बसलं तर क. बोललं तर तीस वर्षांचा काटा जातो. घरी बायको एकदा म्हणाली होती, “अहो, हे आपल्याबरोबरच जाऊ दे.” तेही आठवलं. पण पोकळ नारळ हा शब्द कानात विंचवासारखा बसला होता.

ते वळले. तक्त्याकडे पाठ केली, खिडकीकडे तोंड. आणि मोठ्याने म्हणाले, “शेवटून दुसरी ओळ. ग, र, म, स, ब. शेवटची. त, ल, प, न, ख, व.”

मास्तरांनी तक्त्याजवळ जाऊन बोट लावून बघितलं. एकही अक्षर चुकलं नव्हतं.

“तेव्हा मला धड वाचताही येत नव्हतं,” काका म्हणाले. “बायकोनं म्हणवून घेतलं, पोराकडून पाढे घेतात तसं. लोहाराच्या आठव्या फेरीतल्या ठोशानं माझ्या उजव्या डोळ्यामागचा पडदा फाटला. अर्धं जग गेलं. कुणाला सांगितलं असतं तर रिंग बंद. म्हणून डॉक्टरांना फसवलं. अकरा वेळा. त्या बाजूनं येणारा एकही ठोसा मला दिसला नाही. माझ्या अकरा हारी लोहाराच्याच हातच्या आहेत, आणि त्याच धरून तुम्ही म्हणता त्यानं फुसक्या माणसाला पाडलं.”

मग सरकार सावकाश उठला.

“म्हणजे तपासणीत लबाडी. या खोलीत. आणि हाच आमचा काटा.”

“हो. तेही लिहा.”

“ज्यानं डोळा घेतला त्याची वकिली करतोयस?”

“वकिली त्याची नाही, माझी करतोय. त्यानं डोळा घेतला, पण समोरून घेतला. तू बसल्या जागेवरून बाकीचं घ्यायला निघालास.”

काकांनी खोलीची किल्ली काट्यावर टाकली आणि बाहेर पडले.

मास्तर माणूस सरळ होता. त्यांनी आठवडाभर वह्या धुंडाळल्या आणि प्रत्येक गडी त्या दिवशी कसा होता ते नव्याने मांडलं. सरकारच्या चार अ-मधला एकच टिकला. लोहाराचे पाच झाले, त्यांत पहिलं नाव गोफण. हॉलला लोहाराचं नाव लागलं. आणि त्याच बैठकीत ठरलं, की काटा काकांकडे राहणार नाही. सरकारच्या बाजूने सगळे हात वर गेले, मास्तरांचासुद्धा.

“मग, मिटलं का आता लोहाराशी?” बायकोने विचारलं.

“मिटतंय कसलं? डोळा परत आला का?”

लढतीच्या सकाळी मात्र ते गेले. फळ्याकडे बघितलं नाही, सरळ वजनाच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. काट्यावर नवा माणूस होता, पत्र्याच्या कारखान्यातला फोरमन. पहिला गडी चढला. फोरमनने बाजूला उभ्यानेच मान वाकडी करून काट्यावर नजर टाकली आणि आकडा सांगितला. काकांना दारातूनच दिसलं, दोनशे ग्रॅमची चूक.

“ए,” ते खेकसले. “समोर उभा राहा. काटा समोरून बघायचा असतो.”

फोरमनने सरकारकडे बघितलं. सरकार वहीचं पान उलटत बसला. मग फोरमन खाली मान घालून काट्यासमोर आला, आणि त्याने आकडा परत सांगितला.