मधल्या खोलीची किल्ली

मी किल्ली बोलतेय. दिसायला काळी, वजनाला जड, आणि माझं डोकं म्हणाल तर एकाच कुलपापुरतं चालतं.

१९२६ साली रत्नागिरीत, राजिवड्याच्या वाटेवर, महिपतनं स्वकष्टानं चिऱ्याचं घर बांधलं, तेव्हा लोहारानं मला घडवलं. महिपतची नोकरी मुंबईच्या गोदीत. बंद घर वाळवी खाईल, म्हणून त्यानं ते शिडं शिवणाऱ्या अहमदला भाड्यानं दिलं.

वकिलानं भाडेचिठ्ठी लिहिली. महिन्याची आगाऊ सूचना देऊन मालकाला घर परत घेता येईल. पोटभाडेकरू ठेवायचा नाही. आणि मधली खोली मालकाच्याच ताब्यात राहील, कारण शिमग्यात देवाची पालखी घरी आली की तिथं बसते. अहमदनं अंगठा दिला. एवढं लिहून घेतलं आणि महिपतनं मला अहमदच्याच हातात ठेवलं. खोलीला ओल धरते, अधूनमधून दार उघडत जा, म्हणाला. माणसांचं मला कधी कळलंच नाही.

अहमदची बायको शरीफा दर शुक्रवारी खोली झाडायची, मला खोबरेल चोळायची आणि खुंटीला अडकवायची. शिडांचे गठ्ठे चुलीपर्यंत पसरायचे, पण त्या खोलीत तिनं सुईसुद्धा ठेवली नाही. एवढी जागा रिकामी ठेवते म्हणून मला तर तिचा रागच यायचा.

१९३४ साली महिपत मुंबईत वारला. पुढच्या शिमग्याआधी त्याचा चुलतभाऊ रामा दारात उभा राहिला. महिपतची बायको येसूबाई बाईमाणूस, तिला घर काय सांभाळता येणार, असं त्याचं म्हणणं. खोली उघड, मालक म्हणून पालखी मीच घेतो, आणि चिठ्ठी माझ्या नावानं कर. मग तुला जन्मात कुणी उठवणार नाही, म्हणाला.

महिपतची विधवा परत आली तर तिला राहायला घर लागणारच, हे अहमदला ठाऊक होतं. रामाला हो म्हटलं की अहमदचं बिऱ्हाड कायमचं टिकत होतं.

"रामाभाऊ, ज्याच्या चिठ्ठीवर मी या घरात शिरलो, त्याचं घर दुसऱ्याचं म्हणायचा हक्क मला नाय," अहमद म्हणाला. त्याच दिवशी त्यानं वकिलाकडून पत्र लिहून घेऊन येसूबाईला धाडलं.

ती लेकीला घेऊन मुंबईहून आगबोटीनं आली. अहमदनं मला तिच्या हातात दिलं. पालखी खोलीत बसली, येसूबाईच्या लेकीनं, राहीनं, पालखीची ओटी भरली आणि रामा गर्दीत मागं सरकला. शरीफानं मात्र बोचकी बांधून ठेवली होती.

ती बघून येसूबाई म्हणाली, "अहमदभाई, तुमाला उठवायचा हक्क माझा आहे. मग तो वापरायचा की नाय, तेही मीच ठरवीन. मला ही खोली पुरे. बोचकी सोडा."

आणि मला तिनं परत त्याच खुंटीला अडकवलं. तेव्हापासून त्या खोलीला कुलूप नाही. काम नसलं तरी शरीफा शुक्रवारी मला खोबरेल चोळते. या घराचे उपकार मी कसे फेडू? एकच मागणं आहे. मला या खुंटीवरून काढू नका. इथून मला शरीफाची आणि येसूबाईची, दोन्ही चुली दिसतात.