सारजाबाईंच्या अंगठ्यावर

मित्रांनो, मी एक जुना नादकाटा आहे. दोन पाय वर आणि एक दांडा खाली, असं माझं उलटं ध्यान. शाळेच्या प्रयोगशाळेत माझ्या एखाद्या भावाला तुम्ही रबरावर आपटून पाहिलंही असेल. पण मी शाळेतला नव्हे, दवाखान्यातला! आणि माझी हकीगत सांगायला मी इतका उतावीळ झालो आहे की आता नुसतं बोट लावलंत तरी गुणगुणू लागेन.

पोलादाचा जाड गज कापून, घासून मला घडवलं. घडवणारा कारागीर मला सारखा कानाशी नेई, मान हलवी आणि पुन्हा घासायला घेई. सूर नेमका लागला तेव्हाच त्याने मला खोक्यात ठेवलं आणि मी सोलापूरच्या एका मोठ्या दवाखान्यात आलो. माझं काम सोपं होतं. मला तळहातावर आपटायचं आणि थरथरता दांडा रुग्णाच्या पायाच्या अंगठ्यावर, हाडाशी टेकवायचा. थरथर कळली तर पायाच्या नसा जाग्या आहेत. नाही कळली तर मधुमेहाने त्या बधिर केल्या आहेत. "ना वीज, ना बॅटरी, आणि केवढं सांगतो हा!" असं तरुण डॉक्टर म्हणायचे, तेव्हा मी फुलून जायचो. पुढे तारांची आणि पडद्यांची यंत्रं आली आणि माझी रवानगी टेबलावर झाली, पंख्याने कागद उडू नयेत म्हणून. अंगात सूर असताना कागद दाबत बसायचं! तो काळ आठवला की अजूनही जीव कासावीस होतो.

पण एके सकाळी डॉक्टर इंद्रायणींनी मला उचललं, पुसलं आणि तळहातावर आपटलं. किती दिवसांनी वाजलो म्हणून सांगू! त्यांनी एक संशोधन हाती घेतलं होतं. लहान गावांत मोठी यंत्रं नसतात, तिथे माझ्यासारख्या साध्या साधनाने पायांचा हा आजार वेळेत ओळखता येईल का, हे त्यांना पाहायचं होतं. शिवाय प्रत्येक रुग्णाला त्या विचारत, "हे कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं?" आणि मधे न बोलता उत्तर ऐकून घेत.

एकदा सारजाबाई आल्या. त्या घरी कडक भाकरी थापून विकायच्या. त्यांना मधुमेह होता. कारण राहिलं बाजूला, पाय बरा कसा झाला तेच त्यांनी खुशीत सांगितलं.

"आदी तळपाय निस्ते जळायचे बघा, बाई. झोप म्हनून न्हाय. मग अक्कलकोटला अनवाणी जाऊ लागले, स्वामींपुढं डोकं ठिवलं, आन् हळूहळू समदं थंड झालं. मग गोळ्या कशाला? दिल्या सोडून."

डॉक्टरांच्या कपाळावर आठी आली. जळजळ थांबली म्हणजे पाय बरा झाला असेल, नाहीतर पार बधिर झाला असेल. निकाल द्यायचा होता मी! मी जीव तोडून वाजलो. दांडा अंगठ्याला टेकताच सारजाबाई चटकन वाकल्या, बोटांनी मला शिवल्या आणि ती बोटं त्यांनी कपाळाला लावली. वस्तूला पाय लागला की आपण नमस्कार करतोच ना, तसा.

"वाजतंय की!" त्या म्हणाल्या.

मित्रांनो, मी मनात ओरडत होतो. माझी थरथर त्यांच्या बोटांना कळली होती, अंगठ्याला नव्हे! पण मला वाजता येतं, बोलता येत नाही. डॉक्टर हसल्या आणि "पायाला कळतं" अशी नोंद झाली. तसे बहुतेक सगळेच रुग्ण मला नमस्कार करत. एवढे सगळे पाय धडधाकट कसे, याचं डॉक्टरांना नवल वाटू लागलं होतं.

पुढच्या खेपेला सारजाबाई आल्या त्या कडेवर नात घेऊन. ती नात, संस्कृती, मांडीवरच झोपली आणि आजीचे दोन्ही हात तिच्याखाली अडकले. मी अंगठ्यावर वाजू लागलो.

"मावशी, वाजतंय का?"

"थांबा की, बाई. पोरगी उठंल. नमस्कार ऱ्हायलाय."

"नमस्कार नंतर करा. वाजतंय का तेवढं सांगा."

"हात लावल्याबिगर कळतंय कुटं?"

डॉक्टरांनी हळूच सारजाबाईंचा पाय उचलून तळवा पाहिला. हिरव्या बांगडीची काच आत रुतलेली, भोवती जखम चिघळलेली. आणि सारजाबाई त्याच पायाने चालत आल्या होत्या! आणखी उशीर झाला असता तर पाय कापावा लागला असता.

"मावशी, पाय बरा नव्हता झाला. तो गप्प झाला होता."

सारजाबाईंचे डोळे भरले. "मग आता गोळ्या घेतल्या, तर स्वामींवर इस्वास न्हाय असं व्हईल का वो?"

"दर्शनाला जा आणि गोळ्याही घ्या. चप्पल मात्र देवळाच्या दारातच काढा. अंगठ्याला पुन्हा कळेल असं नाही सांगत मी. पण जखम पुसताना पाहिलं, घोट्याला अजून कळतंय, तेवढं आपण राखू."

त्या दिवसापासून संशोधनाची रीत बदलली. आधीच्या सगळ्या रुग्णांना परत बोलावलं. आता आधी मला नमस्कार, मग हात छातीशी जोडायचे, डोळे मिटायचे आणि मगच मी वाजायचं. कितीतरी बधिर पाय वेळेत सापडले!

काही महिन्यांनी सारजाबाई पुन्हा आल्या. जखम भरली होती, पायात मऊ चपला होत्या. अंगठा मुकाच राहिला. मग डॉक्टरांनी मला घोट्याच्या हाडावर टेकवलं. बधिरपणा वर चढला असेल तर? सारजाबाईंचे डोळे मिटलेले, ओठ पुटपुटत होते. मी इतका कधीच घाबरलो नव्हतो.

"वाजतंय! बाई, हितं वाजतंय!"

"नक्की?"

"व्हय! आन् बघा की, हात जोडलेलेच हायत!"

डॉक्टर इतक्या जोरात हसल्या की मी त्यांच्या हातातून निसटता निसटता राहिलो.

मित्रांनो, मला आता कागदांवर ठेवत नाहीत, माझी काळजी करू नका. काळजी करायचीच तर घरच्यांच्या पायांची करा. आजी-आजोबांना नमस्कार करायला तुम्ही वाकताच ना? तर वाकलाच आहात, एकदा त्यांचे तळवेही बघून घ्या.