कॉफीवरचा बदाम

"हे पापलेट झकास आलंय," कप खिडकीकडे धरून दिनानाथ म्हणाले.

"बदाम हाय तो, काका," दिशा म्हणाली.

"मग त्याला शेपटी कशाला?"

एरवी दिशा खळखळून हसली असती. आज तिने कप त्यांच्या हातून काढून घेतला, मोरीत ओतला आणि नळ सोडला. तिच्या पाठीकडे बघत शैलाबाईंनी नवऱ्याला डोळ्यांनीच दटावलं. दिनानाथ पायांत चपला सरकवून चिकूच्या वाडीकडे निघून गेले.

शैलाबाईंनी दांडी गावच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं होतं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी चिंचणीच्या बाजारात कोणीतरी "बाई!" अशी हाक मारतंच. दिशा त्यांच्याकडे तिसरीत होती. पाढे म्हणताना मध्येच अडली, तर तिथून पुढे न जाता पुन्हा एकपासून सुरू करणारी. आता ती वीस वर्षांची झाली होती आणि बोईसरला धर्मेशच्या कॅफेत टेबलं पुसायची, कप उचलायची. कॉफीच्या यंत्रावर काम करणारा शैलेश महिनाअखेर मनोरला, हायवेवरच्या मोठ्या हॉटेलात जाणार होता. त्याची जागा मला द्या, असं दिशाने धीर करून मालकाला विचारलं. धर्मेशने नाही म्हटलं नाही.

"रविवारी सकाळी दहाला तीन कप करून दाखव," तो म्हणाला होता. "तिन्हींवर बदाम. जमलं तर जागा तुझी. नाही जमलं तर मी वापीहून माणूस आणतो."

कॅफेत गिऱ्हाइकांच्या गर्दीत यंत्राला हात लावायला मिळत नव्हता. तेव्हा दिशाला आठवलं, शैलाबाईंच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात तसंच एक धाकटं यंत्र आहे. बाईंच्या मुलाने, केदारने, ते हौसेनं घेतलं होतं. मग त्याची बदली झाली बेंगळुरूला, आणि यंत्रावर क्रोशाचा रुमाल आला.

"मला कॉफीतलं ओ की ठो कळत नाही," शैलाबाईंनी आधीच सांगून टाकलं होतं. "पण शिकायचं कसं, ते मला माहीत आहे. तू बघितलंयस ते सगळं क्रमाने सांग. मी लिहून काढते."

फ्रिजच्या बाजूला त्यांनी जुना लाकडी फळा टेकवून ठेवला होता. त्यावर खडूनं लिहिलं होतं: थंड दूध चंबूत. (चोचीच्या त्या स्टीलच्या भांड्याला कॅफेत पिचर म्हणत. शैलाबाईंनी त्याचा चंबू करून टाकला होता.) वाफेच्या नळीचं टोक दुधात जेमतेम बुडालेलं. चार-पाच सेकंद कागद फाडल्यासारखा आवाज, तेवढाच वारा दुधात जाऊ द्यायचा. मग नळी थोडी खाली, चंबू थोडा कलता, म्हणजे दूध भोवऱ्यासारखं फिरतं. चंबूला हात टेकवेना झाला की वाफ बंद.

शेवटच्या ओळीसाठी दिशाला शब्द सापडत नव्हता. "दूध असं... आमचा बापूस होडीला नवा रंग मारतो ना, बाई? तो ओला आसतो तवा कसा चकाकतो? तसं." शैलाबाईंनी तसंच लिहिलं: नवा रंग मारलेल्या होडीसारखं.

आज बुधवार होता. तीन दिवसांत दूध एकदाही होडीसारखं झालं नव्हतं. फेस यायचा तो साबणाच्या बुडबुड्यांसारखा जाड, वरच्या वर तरंगणारा. खाली दूध पाणचट. ओतताना आधी नुसतं दूध पडायचं आणि शेवटी फेसाचा गोळा बदकन यायचा.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची," शैलाबाई म्हणाल्या. "सगळं एकदम बदललं, तर चूक कुठली ते कळत नाही."

गुरुवारी त्यांनी वाऱ्याचे सेकंद मोजले. तीन, चार, सहा, आठ. सहा-आठ सेकंदांना फेस जरा जास्त येत होता, म्हणून दिशा वारा जास्तच देऊ लागली. चकाकी मात्र नाही ती नाहीच. मग दिशाला शैलेशचं एक बोलणं आठवलं. नवशिके म्हणे दूध वाया घालवत नाहीत. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून हात बसवतात.

"मग करून बघू की," शैलाबाई म्हणाल्या.

चार सेकंद फर्रर्र असा आवाज झाला, पाणी गरकन फिरलं आणि चंबूत पांढरा, गुळगुळीत, चकचकीत फेस उभा राहिला. दोघींनी डोकी एकमेकींना लागतील इतकं वाकून आत पाहिलं.

"होडी," दिशा हळूच म्हणाली.

पुन्हा केलं, पुन्हा होडी. पाच वेळा पाणी, पाच वेळा होडी. नळी साध्या पाण्यात दोनदा फुसफुसवून, पुसून त्यांनी पुन्हा दूध घेतलं, आणि पुन्हा तोच जाडाभरडा फेस.

तेवढ्यात दारातून हाक आली. दिशाची आई चंद्रकांता डोक्यावरची मासळीची पाटी उतरवून पायरीवर टेकली होती.

"काय वो बाई, दुधाला फेस काढायला बी शाळा लागते? आमच्या दर्याला बघा, बिनशाळेचा काढतो!"

"तुमच्या दर्याला म्हणावं, त्यावर बदाम काढून दाखव," शैलाबाई आतून म्हणाल्या.

"त्यो मासली काढून देतो, तेवढं पुरे हाय." चंद्रकांताने मुलीकडे पाहिलं आणि तिचा आवाज खाली आला. "जमत नाय का गो?"

दिशा चंबू विसळायला लागली.

शुक्रवारी शैलाबाईंनी दूध बदललं. रोजचं म्हशीचं जाड पडत असेल, म्हणून गाईच्या दुधाची पिशवी सांगितली. सकाळी सहाला दूध आलं. नऊला दिशा सायकलवरून येईपर्यंत ते फ्रिजमध्ये थंडगार होऊन तयार होतं. पण गाईचंही म्हशीसारखंच वागलं. दुपारी कामावर जायची वेळ झाली तेव्हा दिशाने चंबू ओट्यावर पालथा घातला.

"राहू द्या बाई. हा हात विळीवरचा. मासली कापली, सुकट निवडली, त्यात गेला. असली नाजूक कामं त्याला नाय जमायची."

शैलाबाईंना रागच आला. तिसरीतली ती मुलगी अडली की एकपासून सुरू करायची. ही असं कधी बोलायला शिकली?

"साबणाच्या पाण्यात कोणाचा हात होता?"

"पाण्याचं येगळं."

"हात तोच होता ना? पाण्यात पास आणि दुधात नापास. म्हणजे हात नापास नाही. अजून काहीतरी आहे. मला दिसत नाहीये, एवढंच."

दिशा गेली. शैलाबाई बराच वेळ फळ्यासमोर उभ्या राहिल्या. मग काही सुचेना म्हणून फ्रिज उघडून त्यांनी सायीची बरणी नीट लावली. आठवडाभरात ती गळ्यापर्यंत आली होती.

शनिवारी दूध आलंच नाही. टेम्पो वाटेत कुठे बंद पडला म्हणे. नऊला दिशा आली, यंत्र तापवून बसली. साडेनऊला दिनानाथ नाक्यावरून स्कूटरला पिशवी अडकवून आले.

"घ्या तुमचं अमृत," म्हणून त्यांनी चार पिशव्या ओट्यावर ठेवल्या.

शैलाबाईंनी कात्रीनं कोपरा कापला, पातेलं विसळलं, दूध ओतलं आणि गॅस पेटवला.

"बाई, काय करता?"

"दूध तापवते."

"चहाला?"

"तुझंच. उकळी आली की परातीत ठेवते, पंख्याखाली निवेल पटकन."

दिशा उठून उभी राहिली. "रोज तापवता?"

"म्हणजे काय? पिशवी फोडली की तापवायचंच ना. कच्चं कोण ठेवतं?"

"कॅफेत तर..." दिशा अडखळली. "कॅफेत पिशवी फोडून तसंच वततात. फ्रिजमदून काडायचं, चंबूत वतायचं."

पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे यायला लागले होते. शैलाबाईंनी गॅस बंद केला.

"हे तू मला सांगितलं नाहीस."

"तुमी इचारलं नाय. मला वाटलं, तुमी बी तसंच ठेवता."

दोघींनी एकदमच फळ्याकडे पाहिलं. पहिली ओळ. थंड दूध चंबूत. त्यात खोटं काहीच नव्हतं. दूध रोज थंडच होतं. उकळून, निववून, वरची साय चमच्यानं बरणीत काढून, मग थंड केलेलं.

शैलाबाई स्टुलावर बसल्या. ही चूक पकडायची कशी? शेकडो मुलांच्या वह्या तपासल्या त्यांनी. पण जे वहीत लिहिलेलंच नसतं, त्यावर लाल रेघ कशी मारणार?

"फेस धरून ठेवायचं दुधात जे असतं," त्या सावकाश म्हणाल्या, "ते उकळीत बिघडून गेलं. वर साय म्हणून जे जमलं, ते मी काढून घेतलं. आणि उरलेल्या दुधाला तू पाच दिवस वारा घालत होतीस." त्यांनी मुलीकडे सरळ पाहिलं. "चूक माझी आहे, दिशा. तुझा हात तपासत बसले आणि चूक माझ्या गॅसवर होती."

बाईंनी आपली चूक म्हणावी, याची दिशाला सवय नव्हती. ती गोंधळली. "आवो, आमच्याकडं तरी कोण ठेवतंय बिनतापवलेलं? दूध म्हंजे तापवलेलंच."

"म्हणून तर फळ्यावर आलं नाही."

"तूप मात्र भरपूर होईल या आठवड्यात," दारातून दिनानाथ म्हणाले. या खेपेला दोघी हसल्या.

उरलेल्या तीन पिशव्या तशाच फ्रिजमध्ये ठेवल्या. तासाभराने दिशाने पहिला चंबू भरला, नळी बुडवली, आणि फेस भसाभसा वर चढून काठावरून तिच्या हातावर आला. तिचा चेहरा पडला.

"थांब," शैलाबाई म्हणाल्या. "किती सेकंद दिलास वारा?"

"आठ."

"ते मेलेल्या दुधासाठी होते. हे जिवंत आहे. आधी साबणाचं पाणी कर. एकदाच."

दिशाने पाण्याचा चंबू केला. चार सेकंद. होडी.

"आता तस्संच. दूध आहे हे विसर."

तिने दूध घेतलं. फर्रर्र. एक, दोन, तीन, चार. नळी खाली. दूध मध्यभागी खळगा पाडून गोल फिरू लागलं, आवाज मऊ होत होत जवळजवळ नाहीसा झाला. चंबूला टेकलेली बोटं दिशाने झटकन उचलली, वाफ बंद केली, चंबू ओट्यावर दोनदा आपटला आणि गोल हलवला. आत बघायला शैलाबाईंना वाकावं लागलं नाही. चकाकी लांबूनच दिसत होती.

दिशाने कप कलता धरला. आधी उंचावरून बारीक धार. मग चंबूची चोच कॉफीला टेकेल इतकी जवळ, आणि तांबूस कॉफीवर पांढरा ठिपका उमलला, मोठा होत गेला. शेवटी तिने चोच उचलून धार मधून पलीकडे नेली.

दिनानाथांनी कप घेतला, उजेडात धरला, फिरवून फिरवून पाहिला.

"ह्याला शेपटी नाही," ते म्हणाले.

रविवारी शैलाबाईही तिच्याबरोबर रिक्षातून बोईसरला गेल्या आणि कॅफेत कोपऱ्यातल्या टेबलावर बसल्या. धर्मेश, चाळिशीचा, सदा घाईत असलेला माणूस, काउंटरला टेकून उभा होता.

पहिला कप ठीक. दुसऱ्यावरचा बदाम जरा डावीकडे झुकला, पण बदामच. तिसऱ्या वेळी वाफ चालू असतानाच कोणीतरी दार ढकलून आत आलं, दिशाचं लक्ष क्षणभर तिकडे गेलं आणि कपात नुसता पांढरा ढग उतरला.

धर्मेशने ओठ आवळले.

"वाफ उशिरा बंद केली मी," दिशा म्हणाली. "दूध जास्त तापलं, म्हणून फेस वर गेला. हे धरू नका. परत करते."

तिने विचारलं नाही. चंबू विसळला, फ्रिजमधून दूध काढलं आणि एकपासून सुरू केलं.

तिसरा बदाम तिन्हींत उत्तम आला. धर्मेशने कप पाहिला, मग ढगाचा कप पाहिला.

"माझा शैलेशसुद्धा बिघडलं की दुधाला शिव्या देतो," तो म्हणाला. "का बिघडलं ते सांगत नाही. उद्यापासून सातला ये. कुठल्या क्लासला गेली होतीस?"

"दांडीच्या शाळेत," दिशा म्हणाली. धर्मेशला काही कळलं नाही.

तिसरा कप तिने शैलाबाईंच्या टेबलावर आणून ठेवला. शैलाबाईंना कॉफी कधी आवडली नव्हती. तरी त्यांनी हळूहळू घोट घेतले. कॉफी कमी होत गेली तसा बदाम तिच्यावर बसूनच खाली उतरला, अगदी तळाशी पोहोचेपर्यंत न मोडता.

सोमवारी सकाळी सहाला दूध आलं. शैलाबाईंनी पातेलं विसळलं, गॅस पेटवला. मग थांबून दुसरी पिशवी न फोडता फ्रिजमध्ये ठेवली. रजेच्या दिवशी दिशा पानाची नक्षी शिकायला येणार होती. बरणीतली साय त्यांनी घुसळायला काढली.

थोड्या वेळाने दारात पाटी टेकल्याचा आवाज झाला.

"काका कुटं हायत?" चंद्रकांता विचारत होती. "त्यांना म्हनावं, हे बघा, हे खरं पापलेट. शेपटीसकट!"