पारोळा न लागणारा रस्ता

माझा नवरा मगन धुळे-जळगाव एस.टी. चालवायचा, आणि रस्त्याच्या बाबतीत ब्रह्मदेवाचा बाप आला तरी तो ऐकत नसे. घरातही तेच. एक शब्द उलट गेला की हात उठायचा. तीन वर्षं त्याने मला माहेरी, सावद्याला, पाठवलं नव्हतं.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात म्हणून धाकटा भाऊ पितांबर मला न्यायला आला. आमचं घर गोंदूरला, धुळ्याच्या विमानतळाच्या कुंपणाला लागून. इलेक्शनचे दिवस होते, कुणी मोठा पुढारी जळगावहून विमानाने यायचा होता. आखाजीला पत्त्यांची मुभाच असते, त्यामुळे ओट्यावर डाव रंगलेला. कुंपणापलीकडून पोलीस ओरडला, "जळगावहून उडालं!"

"वीस मिन्टात विमान येई," पितांबर बोलून गेला.

मगनने पत्ते आपटले. "माले शिकाडस का? मधमा एरंडोल, पारोळा लागतस ना? तास तरी लागीच."

"दाजी, विमानाले कायचा पारोळा?"

"वर काय दुसरा रस्ता शे? तासना आत विमान उनं ते तुन्ही बहिणले लई जाय. नही ते तिनं नाव काढानं नही."

बायकोचं माहेर पैजेवर लावणारा नवरा! दाराआड माझ्या अंगाची लाही झाली, आणि तरी मी आभाळाकडे डोळे लावून बसले.

हातातला डाव संपण्याआधीच घरघर ऐकू आली. विमान उतरलं. ओट्यावरचे सगळे खदखदून हसले. "मगन, तुन्ही गाडी पारोळालेच उभी शे रे!" मी आत जाऊन पिशवी उचलली.

मगनने खाटेखालून टॉमी ओढली, चाकाचे नट खोलायची लोखंडी दांडी. पहिला घाव पितांबरच्या खांद्यावर बसला, दुसरा डोक्यात. पत्त्यांवर रक्त सांडलं. मी मध्ये पडले तर माझ्या उजव्या मनगटाचं हाड कडकन मोडलं. पितांबर खाली कोसळला तरी मगन लाथा घालतच होता, बरगड्यांत, तोंडावर. मघाशी हसणाऱ्यांपैकी एकही मर्द पुढे आला नाही. मी डाव्या हाताने चुलीपुढची फुंकणी उचलली आणि त्याच्या थोबाडावर हाणली. दात पडले, तेव्हा कुठे तो थांबला.

धुळ्याच्या दवाखान्यात पोलिसाने विचारलं, तेव्हा टाके घातलेला पितांबर पुटपुटला, "एस.टी.तून पडलो." माझा संसार मोडू नये म्हणून. बहिणीच्या सासरचा मार भावाने मुकाट गिळायचा, ही आमच्याकडची रीत. मला तिचाच संताप आला.

"खोटं बोलतो तो," मी म्हणाले. "माझ्या नवऱ्यानं मारलं. लिहून घ्या."

"अक्का, गप ऱ्हाय," पितांबर कळवळला. मी गप्प राहिले नाही.

सावद्याला आई माझ्या प्लास्टरवर हात ठेवून रडली. म्हणाली, आता तुला सासर उरलं नाही. खरंच होतं. आखाजीची लेक चार दिवस राहते आणि परत जाते. मी आईला म्हटलं, "माझं ताट रोज मांडत जा."